उशिरा फुटलेल्या फांद्या : दास्तान, तिलिस्म आणि क्रमशः कथेतील उपकथानके



एखादी अद्भुत कथा वर्षानुवर्षे भागाभागांनी चालू आहे. नायक कोण, शत्रू कोण, कोणते कोडे सुटायचे आहे, हे वाचकाला पक्के ठाऊक झाले आहे. कथा शेवटाकडे निघाली असे वाटत असतानाच लेखक एक नवे पात्र आणतो, एक नवे मायावी नगर उभे करतो, एक जुने वैर उकरून काढतो. अशा वेळी आपण दोनपैकी एक बोलतो. आवडले तर ‘कथेला बहर आला’ म्हणतो, आणि कंटाळलो तर ‘मारुतीचे शेपूट लांबत चालले’ म्हणतो. दोन्ही उद्गार वाचकाच्या मनःस्थितीचे आहेत. इतिहासाचा विद्यार्थी तेथे थांबत नाही. तो विचारतो : हे उपकथानक नेमके केव्हा आले, कोणी आणले, कोणाच्या मागणीने आणले, आणि आल्यावर मूळ कथेचे काय झाले?

प्रस्तुत पाठात आपण हे प्रश्न उत्तर भारतातील दास्तान-परंपरेला आणि तिच्यातून प्रेरणा घेतलेल्या हिंदी तिलिस्मी कादंबरीला विचारणार आहोत. या परंपरेत उशिरा जोडलेली उपकथानके इतकी मोठी झाली की काही ठिकाणी त्यांनी मूळ कथाच झाकून टाकली.

१. नकाशावर आपली जागा

सुरुवात पहाडगंजापासून करू. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला ही वस्ती परकी नाही, कारण नूतन मराठी विद्यालय याच भागात आहे. ‘गंज’ म्हणजे बाजारपेठ. टेकडीजवळची पेठ म्हणून हे पहाडगंज. मोगल काळात शाहजहानाबादच्या तटाबाहेर, अजमेरी दरवाजाच्या पश्चिमेला ही धान्याची पेठ भरत असे. आज पेठ आणि दरवाजा यांच्यामध्ये नवी दिल्ली रेल्वे स्थानकाचे रूळ पसरले आहेत. रूळ ओलांडून अजमेरी दरवाजातून आत गेले की साधारण दोन-तीन किलोमीटरवर जामा मशीद लागते. आपल्या कथेचे एक मुख्य ठिकाण या मशिदीच्या पायऱ्यांवर आहे.

सय्यद अहमद खान यांनी १८४७ साली दिल्लीच्या वास्तूंवर ‘आसार-उस-सनादीद’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जामा मशिदीच्या उत्तरेकडील पायऱ्यांचे वर्णन करताना ते तेथे संध्याकाळी बसणाऱ्या दास्तानगोची नोंद करतात. दास्तानगो म्हणजे दीर्घ अद्भुत कथा तोंडी सांगणारा व्यावसायिक. आपल्याकडील कीर्तनकाराशी त्याची तुलना करता येईल, मात्र फरक लक्षात ठेवा. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो आणि उत्तररंगात आख्यान लावून त्याच बैठकीत ते संपवतो. दास्तानगोची कथा त्या रात्री संपत नसे. ती उद्या पुढे चालू राहायची, म्हणून आज कोठे थांबायचे हाच त्याच्या कसबाचा कस असे.

२. थांबवण्याची कला

दास्तानची चार मुख्य अंगे मानली जातात. रज्म म्हणजे युद्ध, बज्म म्हणजे दरबार व मैफल, तिलिस्म म्हणजे जादूने रचलेली मायासृष्टी, आणि अय्यारी म्हणजे वेषांतर व युक्ती यांच्या बळावर चालणारी हेरगिरी. सांगणारा ही अंगे आलटून पालटून वापरतो. युद्ध फार झाले की मैफल, मैफल रेंगाळली की अय्याराची एखादी खोडी.

या परंपरेत ‘दास्तान रोखणे’ असा एक खास शब्दप्रयोग आहे. नायक आणि नायिका यांच्यामध्ये एक पडदा आहे, तो उचलला की भेट होणार, अशा जागी कथा आणायची आणि कित्येक दिवस पडदा न उचलता श्रोत्यांना धरून ठेवायचे. असे करून दाखवणाऱ्या दास्तानगोंच्या आख्यायिका सांगितल्या जातात. आख्यायिका म्हणूनच त्या घ्या, पण त्यांतून श्रोत्यांची रुची कळते. मधल्या दिवसांत दास्तानगो गप्प बसत नव्हता. तो पडद्याचे वर्णन करी, दासीची हकीकत सांगी, दाराबाहेर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला एखादे वैर चिकटवी. उपकथानकाचा जन्म अशा जागी होतो. मूळ प्रसंग अडवून धरल्याशिवाय बाजूच्या माणसाला बोलायला संधी मिळत नाही.

३. मूळ कथा आणि तिची प्रतिस्पर्धी

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध दास्तान अमीर हमजाची. पैगंबर मुहम्मद यांचे काका हमजा यांचे नाव घेऊन ती उभी राहिली, पण तिच्यातील देव, पऱ्या, जादूगार आणि सफरी पूर्णपणे कल्पित आहेत. फारसीतून ती भारतात आली. अकबराने तिचे भव्य सचित्र हस्तलिखित करवून घेतले. सुमारे १५६२ ते १५७७ या काळात झालेल्या या ‘हमजानामा’साठी १४०० चित्रे काढली गेली, त्यांतील फार थोडी आज उरली आहेत. १८०१ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी खलील अली खान अश्क यांनी ती उर्दूत आणली.

हमजाच्या कथेला दिल्लीत एक प्रतिस्पर्धीही मिळाली. मुहम्मदशाहाच्या राजवटीत मीर मुहम्मद तकी ‘खयाल’ हे गुजरातेतून दिल्लीस आले आणि त्यांनी ‘बोस्तान-ए-खयाल’ ही प्रचंड फारसी दास्तान रचायला घेतली. काळ ध्यानात घ्या. १७३७ च्या मार्चमध्ये पहिले बाजीराव पेशवे दिल्लीच्या वेशीपर्यंत येऊन गेले होते आणि १७३९ मध्ये नादिरशाहाने शहर लुटले होते. बादशाही खिळखिळी होत असताना त्याच शहरात अनेक खंडांची एक कल्पित सृष्टी रचली जात होती. पुढे ख्वाजा अमान यांनी तिचे उर्दू भाषांतर केले आणि मिर्झा गालिब यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. दास्तान हा केवळ बाजारातल्या रिकामटेकड्यांचा विरंगुळा होता, असे मानणाऱ्याने गालिबांचे हे प्रेम विसरू नये.

४. होशरुबा : फांदीचे झाड होते

आता आपल्या विषयाचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण पाहू. हमजाच्या जुन्या फारसी कथेत ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ नावाचा भाग नव्हता. तो भारतात, उर्दू दास्तानगोंच्या तोंडी, एकोणिसाव्या शतकात वाढला. लखनौचे आणि पुढे रामपूरच्या दरबाराशी जोडले गेलेले मीर अहमद अली यांच्याकडे संशोधक त्याचे श्रेय देतात.

या भागाचा सांधा कसा जोडला आहे ते बघा. हमजा हा स्वतःला देव म्हणवणाऱ्या लका नावाच्या शत्रूचा पिच्छा पुरवत असतो. ही जुनी कथा. लका पळत पळत होशरुबाच्या सीमेजवळ येतो. तेथील जादूगारांचा सम्राट अफरासियाब त्याला मदत पाठवतो. इकडे हमजाचा मुलगा बदीउज्जमान शिकारीच्या निमित्ताने भरकटतो आणि त्या मायासृष्टीत कैद होतो. त्याला सोडवायला हमजाचा नातू असद आणि अय्यारांचा मेरुमणी अमर निघतात. म्हणजे दोन जुने धागे (शत्रूचा पळ आणि मुलाचा शोध) एका नव्या नगराच्या दारात गाठीने बांधले जातात. गाठ साधी आहे, पण पक्की आहे. श्रोत्याला ‘हे मध्येच कोठून आले?’ असे विचारायला फट राहत नाही.

आत शिरल्यावर मात्र कथेचा तोलच बदलतो. हमजा बराच काळ कडेला उभा राहतो. पुढे येतो तो अमर, त्याची झंबील नावाची कधीच न भरणारी पिशवी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अफरासियाबला सोडून असदच्या बाजूला आलेल्या महरुख आणि बहार यांसारख्या जादूगारिणी. सेनापतिपद स्त्रीकडे आहे, लढाई शस्त्रापेक्षा मंत्राने आणि युक्तीने जिंकली जाते. मूळ कथेत ज्यांना दोन ओळी मिळाल्या नसत्या, त्यांना उपकथानकाने रणांगण दिले.

५. छापखाना आणि बाजार

लखनौच्या नवल किशोर छापखान्याने (स्थापना १८५८) ही तोंडी परंपरा छापून काढायचे ठरवले. १८८३ ते १९१७ या काळात हमजाच्या दास्तानचे ४६ खंड प्रसिद्ध झाले. येथे एक गमतीची, पण अर्थपूर्ण गोष्ट आहे. छपाई कथेच्या क्रमाने झाली नाही. कथाक्रमात आधी येणारे ‘नौशेरवाननामा’सारखे भाग नंतर छापले गेले, आणि सर्वांत आधी, १८८३ साली, छापला गेला तो होशरुबाचा पहिला खंड. प्रकाशकाला कोणता माल खपेल हे नेमके ठाऊक होते. उशिरा जन्मलेले उपकथानक वाचकांच्या हाती सर्वांआधी पडले.

होशरुबाचे पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले. त्यानंतर जाह आणि छापखाना यांची फारकत झाली. पुढचे खंड अहमद हुसैन कमर यांच्याकडे आले आणि १८९३ पर्यंत सातवा खंड पूर्ण झाला. एकाच कथेवर दोन हात पडले की प्रश्न उभा राहतो : कथा कोणाची? ज्याने रचली त्याची, ज्याने लिहिली त्याची, की ज्याने छापली त्याची? तोंडी परंपरेत हा प्रश्न फारसा टोचत नसे, कारण प्रत्येक दास्तानगो उस्तादाकडून मिळालेले धन आपल्या पद्धतीने खर्च करी. छापील पानावर नाव येऊ लागले, मोबदला ठरू लागला, आणि श्रेयाचा झगडा सुरू झाला.

सातवा खंड संपल्यावर तरी होशरुबा संपली का? नाही. कमर यांनी ‘बकिया-ए-तिलिस्म-ए-होशरुबा’ म्हणजे ‘होशरुबाचे उरलेले’ असे आणखी दोन खंड लिहिले. ‘उरलेले’ हा शब्द मासलेवाईक आहे. नव्याने रचलेला मजकूर ‘आधीच होता, फक्त सांगायचा राहिला होता’ असे त्यातून सूचित होते. उशिरा आलेल्या उपकथानकांची ही नेहमीची चाल आहे हे टिपून ठेवा. ती नवी असल्याचे कबूल करत नाहीत, ती थकबाकी म्हणून येतात.

६. भूतनाथ : पात्र स्वतःची कादंबरी मागते

उर्दू दास्तानचा हा वारसा काशीला देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांनी हिंदीत आणला. त्यांची ‘चंद्रकांता’ चार भागांची. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांची ही प्रेमकथा. तिच्यात अय्यार आहेत, तिलिस्म आहे, पण एक मोठा बदल आहे. खत्रींच्या तिलिस्मात मंत्र जवळजवळ नाहीतच. तेथे कळ दाबली की भिंत सरकते, पुतळ्याच्या पोटात यंत्र असते. चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतलेला असताना पाहिलेले पडके किल्ले आणि गुहा त्यांच्या कामी आल्या. ही कथा वाचण्यासाठी कित्येकांनी देवनागरी लिपी शिकून घेतली, असे हिंदी साहित्याचे इतिहासकार आवर्जून सांगतात.

लोकप्रियतेमुळे पुढची पिढी आली. ‘चंद्रकांता संतति’चे २४ भाग निघाले. नायक आता वीरेंद्रसिंहाचे दोन मुलगे, इंद्रजितसिंह आणि आनंदसिंह. या लांबलेल्या कथेत भूतनाथ नावाचा एक अय्यार प्रवेश करतो. मूळ ‘चंद्रकांते’त त्याचा मागमूस नाही. तो शूर आहे, कामाचा आहे, पण कोणी जुन्या कागदांचा उल्लेख केला की त्याचा चेहरा उतरतो. पूर्वायुष्यात तो गदाधरसिंह होता आणि त्या नावाने केलेली कृत्ये त्याचा पाठलाग करत आहेत. हळूहळू वाचकाचे कुतूहल राजपुत्रांकडून या कलंकित माणसाकडे सरकते. तिलिस्म कसे फुटणार या प्रश्नाइतकाच ‘भूतनाथ दोषी आहे का?’ हा प्रश्न मोठा होतो.

‘संतति’ संपल्यावर खत्रींनी त्याची जीवनकथा म्हणून ‘भूतनाथ’ ही स्वतंत्र कादंबरी लिहायला घेतली. सहा भाग झाले आणि १९१३ साली त्यांचे निधन झाले. उरलेले भाग त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहून एकूण २१ भागांत कादंबरी पुरी केली. मधल्या काळात आलेल्या एका बाजूच्या पात्राने दोन पिढ्यांच्या लेखण्या चालवल्या.

पुढे १९९४ पासून नीरजा गुलेरी यांची ‘चंद्रकांता’ ही मालिका दूरदर्शनवर गाजली. पुस्तक वाचलेल्यांना तिच्यात न ओळखू येणारे पुष्कळ काही दिसले. क्रूरसिंह हे पात्र तर घराघरांत नकलेचा विषय झाले. आठवड्याला एक भाग हे माध्यम आणि रोज संध्याकाळची पायरी हे माध्यम, दोन्हींना उद्याचा श्रोता लागतो. तो मिळवण्याच्या युक्त्याही सारख्याच निघतात.

७. ‘प्रक्षेप’ या शब्दाने काय साधते?

मराठी अभ्यासकाला या ठिकाणी पुण्याचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आठवेल. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम तेथे १९१९ साली औपचारिकपणे सुरू झाले, १९२५ पासून वि. स. सुखटणकर यांनी त्याला शिस्त दिली आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. असंख्य हस्तलिखिते ताडून, उशिराचा मजकूर वेगळा काढून तो तळटिपांत आणि परिशिष्टांत ठेवण्यात आला. अशा मजकुराला आपण प्रक्षेप म्हणतो. त्या कामात ही विभागणी अत्यावश्यक होती.

पण हेच माप दास्तानला लावले तर काय होईल? होशरुबा वजा करावी लागेल, आणि वाचक ज्यासाठी पुस्तक उघडतो तेच पान फाटेल. ‘मूळ म्हणजे शुद्ध आणि नंतरचे म्हणजे भेसळ’ हा हिशेब येथे चालत नाही. शिवाय भांडारकर आवृत्तीनेही प्रक्षेप नष्ट केले नाहीत, पानाच्या खालच्या बाजूला जपून ठेवले, हे विसरू नका. उशिराचा मजकूर मूळ काळाबद्दल साक्ष देत नाही, तो ज्या काळात आला त्या काळाबद्दल देतो. होशरुबा आपल्याला अरबस्तानाविषयी काही सांगत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या लखनौच्या बाजारपेठा, पोशाख, बोली, शिव्या आणि शिष्टाचार मात्र ती भरभरून सांगते.

याचा अर्थ प्रत्येक उशिराचे उपकथानक चांगले असते असा नाही. ४६ खंडांत तीच कैद, तीच सुटका, तोच बेशुद्धीचा लाडू कितीदा येतो! बरे-वाईट ठरवण्यासाठी या पाठातील उदाहरणांवरून तीन कसोट्या काढता येतात. पहिली, सांधा : नवा धागा एखाद्या जुन्या, अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीला बांधला आहे का? होशरुबा लकाच्या पळण्याला बांधली आहे. दुसरी, भार : नव्या धाग्यामुळे जुन्या पात्रांना काही गमवावे किंवा नव्याने ठरवावे लागते का? भूतनाथ आल्यावर सज्जन राजांनाही न्याय आणि उपकार यांत निवड करावी लागते. तिसरी, शेवट : हा धागा कोठे तरी मिटतो का, की केवळ पुढच्या भागाची विक्री होईपर्यंत लोंबकळत राहतो? पहिल्या दोन कसोट्यांना उतरलेले उपकथानक तिसऱ्या कसोटीला पुष्कळदा नापास होते. कारण सांगणाऱ्याला शेवट करायचा असतो, पण त्याची चूल कथा चालू राहण्यावर पेटत असते.

८. पायरी रिकामी होते

मीर बाकर अली हे दिल्लीचे अखेरचे नामवंत दास्तानगो. १९२० साली ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणासाठी त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला, म्हणून तो आपण आजही ऐकू शकतो. पण त्या काळापर्यंत शहरात चित्रपट आले होते, दरबार उरले नव्हते. अखेरच्या दिवसांत त्यांना सुपारी विकून गुजराण करावी लागली. १९२८ साली ते वारले. जे कथानक कधीच संपू नये म्हणून शंभर युक्त्या रचल्या गेल्या, ते ऐकणारा न उरल्याने थांबले.

१९४७ च्या सप्टेंबरात दिल्लीत हिंसाचार उसळला. पहाडगंज ही त्यात होरपळलेली एक मोठी वस्ती. तेथील मुस्लिम कुटुंबे निघून गेली आणि पश्चिम पंजाबातून आलेले निर्वासित त्या गल्ल्यांत राहू लागले. गाव बदलले की श्रोतेही बदलतात. तोंडी कथेचा इतिहास लिहिताना वस्तीचा इतिहास वाचावा लागतो, तो यासाठी. पुढे २००५ साली महमूद फारूकी यांनी शम्सुर रहमान फारूकी यांच्या मार्गदर्शनाखाली दिल्लीतच दास्तानगोईचे प्रयोग पुन्हा सुरू केले. ते ज्या भागाने सुरू झाले तो भाग कोणता असेल, याचा अंदाज तुम्ही करालच. तो होशरुबाचा होता. सर्वांत उशिरा फुटलेल्या फांदीला सर्वांत आधी पालवी आली.

सारांश

उशिराचे उपकथानक चार बाजूंनी येते : श्रोत्याला उद्या परत आणण्याची गरज, आश्रयदात्याची वा प्रकाशकाची मागणी, प्रतिस्पर्धी कथेची ईर्ष्या, आणि मूळ कथेत राहून गेलेली थकबाकी. पहिल्या तिन्हींमुळे ते जन्मते, पण टिकते ते चौथ्यामुळे. तेव्हा एखादी लांबत चाललेली कथा तुमच्या हाती आली, तर ती कोठून लांबली ते आधी शोधा. त्या जागी कोणाचा तरी हिशेब अपुरा राहिलेला सापडेल.

स्वाध्याय

१. ‘दास्तान रोखणे’ आणि कीर्तनातील आख्यान यांतील फरक कालमर्यादेच्या अंगाने स्पष्ट करा.

२. होशरुबाचा भाग कथाक्रमाआधी छापला गेला, याचे वाचकांच्या समजुतीवर कोणते परिणाम झाले असतील?

३. तुमच्या भाषेतील एखादी दीर्घ अद्भुत कथा किंवा मालिका निवडा. तिच्यात उशिरा आलेल्या एका उपकथानकाला सांधा, भार आणि शेवट या तीन कसोट्या लावून दोन पानांचे टिपण लिहा.

४. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या वयस्कर व्यक्तीकडून एक लांब गोष्ट दोन वेगवेगळ्या दिवशी ऐका. दुसऱ्या वेळी काय वाढले आणि काय गळले, याची नोंद करा.